'बघू' आणि 'नोडोण'

चि. बाळ, अनेक आशीर्वाद.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या फौंड्रीत, धातूच्या ओतकामाच्या कारखान्यात, शिफ्ट इन्चार्ज झालास, बरं वाटलं. पण "पोरं सांगितलं तेवढंच करतात, स्वतःहून काडी हलवत नाहीत" ही तुझी तक्रार वाचून हसू आलं. तुझ्या जागी असताना मीही हेच म्हणत होतो. पोरं गप्प होती ती माझ्यामुळेच.

पावसाळा आला की आमच्याकडे ब्लोहोलचं, म्हणजे ओतलेल्या कास्टिंगमध्ये वायूच्या पोकळ्या राहिल्याचं, रिजेक्शन वाढायचं. कोअर शॉपमधला, म्हणजे साच्यात बसवायचे वाळूचे गाभे करतात तिथला, खानापूरकडचा एक गडी एकदा म्हणाला, "साहेब, रात्री करून ठेवलेले कोअर सकाळी सर्द लागतात. त्या त्या पाळीला लागतील तेवढेच केले तर?" बरोबर होतं त्याचं. कोअरने ओल धरली की तापलेल्या धातूच्या रसाने तिची वाफ होते, वाफेला वाट मिळाली नाही तर कास्टिंगमध्ये पोकळी राहते. मी डिस्पॅचच्या घाईत. "बघू" म्हणालो, आणि बघितलं नाहीच. पुढच्या पावसाळ्यात त्याने तोंड उघडलं नाही. मग बाहेरून सल्लागार आणला, त्यानेही तेच सांगितलं. बिल मात्र लावलं!

मराठीतलं 'बघू' काय, कन्नडमधलं 'नोडोण' काय, आपल्या कारखान्यांत दोन्हींचा अर्थ एकच: विषय संपला. त्यापेक्षा वार ठरवून दे. "उद्या दहा कोअर तुझ्या पद्धतीने कर, शनिवारी दोघं मिळून कास्टिंग तपासू." जमणार नसेल तर नाही म्हण, पण कारण सांग.

वडगाव-शहापूरच्या मागांचा खडखडाट ऐकत वाढलास, म्हणून सांगतो. जपानच्या साकिची टोयोडांच्या १९२४च्या मागात धागा तुटला की माग आपोआप थांबायचा. तीच रीत पुढे त्यांच्या घराण्याच्या टोयोटाच्या मोटारींच्या लाइनवर आली: दोष दिसला की कामगाराने दोरी ओढायची. ओढली की टीम लीडर लगेच तिथे यायचा. कामगारांच्या सूचना घ्यायची पद्धतही टोयोटावाल्यांनी १९५१मध्येच सुरू केली. आपण त्यांच्याकडून सूचनापेटी तेवढी उचलली. तिची किल्ली कुणाकडे असते, ते आजवर मला कळलेलं नाही.

आणि सोमवारच्या मीटिंगमध्ये कुणी बोलेल ही आशा सोड. तिथे तू अर्धं इंग्रजी झाडतोस, ऐकणाऱ्यांतले निम्मे मनात कन्नड बोलतात. मशीनपाशी जा, "एन माडोण?" (काय करूया?) विचार आणि गप्प राहा. हे गप्प राहणं फार जड जातं बघ, विशेषतः उत्तर आपल्याला ठाऊक असतं तेव्हा. त्याचं वाक्य तू पुरं करू नकोस. त्याची युक्ती चालली तर मालकांसमोर त्याचं नाव घे, तो तिथे हजर असताना.

तिकडे पाऊस लागलाय म्हणे. उद्या पहिल्या पाळीला कोअरच्या रॅकपाशी कोण असतो बघ. जाताना चहा दोन घे.

तुझा,
काका