चेक परत आला, आणि तुम्ही पोळ्याची वाट पाहिली

रावेर तालुक्यातल्या एका केळी उत्पादकाचं पत्र आलंय. बऱ्हाणपूरच्या व्यापाऱ्याने मालापोटी 2,40,000 रुपयांचा, 12 जून तारखेचा चेक दिला. 24 जूनला बँकेने तो ‘खात्यात पुरेशी रक्कम नाही’ म्हणून मेमोसह, म्हणजे कारण लिहिलेल्या चिठ्ठीसह, परत दिला. व्यापारी म्हणाला, कानबाई होऊ द्या. मग म्हणाला, पोळा होऊ द्या. मधे मोबाइलवरून 30,000 टाकले. पोळाही झाला, आता फोन उचलत नाही. “केस टाकता येईल का?”

भाऊ, व्यापारी लबाड की अडचणीत, हे मला ठाऊक नाही आणि कोर्टालाही आज त्याच्याशी देणंघेणं नाही. प्रश्न एकच आहे: मेमो हातात पडल्यापासून 30 दिवसांत व्यापाऱ्याला पैसे मागणारी लेखी नोटीस गेली का? गेली नाही. चेक न वटण्याला गुन्हा ठरवणाऱ्या कलम 138 ची सारी इमारत त्या नोटिशीवर उभी असते. फिर्याद दाखल करायला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून तो माफ होऊ शकतो. नोटिशीचा उशीर माफ करायची सोय कायद्यात नाही. फोनवरचे तगादे नोटिशीत धरत नाहीत. केळीची गाडी भरताना काट्यावर किलोकिलोचा हिशेब करणारी माणसं मेमो मात्र दिवाणाखाली ठेवतात, याचा मला खरंच राग येतो.

तरी तुमचं नशीब बरं. चेक तारखेपासून तीन महिने चालतो, म्हणजे 11 सप्टेंबरपर्यंत. तोवर तो पुन्हा भरता येतो. पुन्हा परत आला तर नव्या मेमोपासून नवे 30 दिवस मिळतात; सर्वोच्च न्यायालयाने 2012 मध्ये हे स्पष्ट केलंय. पण मधे गणपतीच्या सुट्ट्या आहेत. 10 तारखेला बँकेत धावत जाऊ नका.

आणि एक खोच आहे, ती नीट वाचा. तुम्हाला 30,000 मिळालेत. चेक मात्र पूर्ण रकमेचा आहे. मिळालेली रक्कम चेकवर नोंदवल्याशिवाय तो तसाच भरला, तर तेवढं देणंच शिल्लक नव्हतं म्हणून फिर्याद पडू शकते. सर्वोच्च न्यायालयाच्या 2022 च्या निकालात नेमकं हेच झालं. नोटिशीत फक्त 2,10,000 मागितले तरी ही चूक भरून निघत नाही. सगळ्यात स्वच्छ मार्ग म्हणजे व्यापाऱ्याकडून 2,10,000 चा नवा चेक घेणं. तो देत नसेल तर चेकवर 30,000 मिळाल्याची नोंद करून बाकीसाठी भरावा लागेल. बँकेत यावर कुरकुर होऊ शकते, म्हणून आधी वकिलाला चेक दाखवा, मग शाखेत जा.

पुढचं सोपं आहे. नोटीस पोचपावतीसह, त्याच्या खऱ्या पत्त्यावर. मिळाल्यापासून 15 दिवसांत पैसे आले नाहीत, तर त्यानंतरच्या एका महिन्यात फिर्याद. बऱ्हाणपूरला खेटे घालायची गरज नाही. तुमचं खातं ज्या शाखेत आहे तिथलं कोर्ट चालतं. कायदा म्हणतो सहा महिन्यांत निकाल लावायचा प्रयत्न व्हावा. मी तुम्हाला तसं आश्वासन देणार नाही. मात्र आरोपीने गुन्हा नाकारल्यावर चेकच्या रकमेच्या 20 टक्क्यांपर्यंत अंतरिम, म्हणजे निकालाआधीची, भरपाई मागता येते, ती मागायला विसरू नका.

हे सगळं हुकलं तरी दिवाणी दाव्याला साधारण तीन वर्षं असतात. मुदत कुठून मोजायची हे उधारीच्या बोलीवर ठरेल; काटाचिठ्ठ्या आणि ‘पोळ्याला देतो’ असले व्हॉट्सअ‍ॅप मेसेज पाहिल्याशिवाय सांगणार नाही. ते मेसेज पुसू नका.

व्यापारी आता गोड बोलून “जुना चेक आधी द्या, नवा पाठवतो” म्हणेल. नवा हातात पडेपर्यंत जुना सोडायचा नाही.