दरवर्षी आतून बुरशीनाशक रंग देऊनही पावसाळ्यात भिंतीला बुरशी येते. कोणता रंग लावावा?

घर चिऱ्याचं, म्हणजे जांभ्या दगडाचं आहे आणि "बायको रोज पुसते तरी परत येते" असं तुम्ही लिहिलंत, म्हणून उत्तर देतेय. रंगाचं राहू द्या. आधी ती भिंत बाहेरून बघा.

आमचं घर लांज्याजवळ, जांभ्याचं. पश्चिमेला लांब पडवी होती. कोकणात पाऊस नैऋत्येच्या वाऱ्याबरोबर आडवा येतो, पण झड पडवीवरच अडायची. सासूबाईंच्या काळी मे महिन्यात पडवीला नारळाच्या चुडतांचे झापही बांधायचे. मोठे भावजी मुंबईला असतात. घर दुरुस्त करताना त्यांनी माजघरात उजेड येत नाही म्हणून पडवी पाडली आणि त्या भिंतीला दोन्हीकडून सिमेंटचा गिलावा करून आतून प्लास्टिक पेंट मारला. चिरा पाणी पितो. गिलाव्याला बारीक भेगा गेल्या की झड आत शिरते आणि सिमेंट तिला लवकर सुकू देत नाही. पुढच्याच आषाढात रंगाला फुगे आले, कपाटामागे काळे ठिपके. सासूबाईंना दमा, त्यांची रात्र बसून जायची.

आणि भावजी गणपतीला आले की म्हणायचे, "तुम्ही खिडक्या उघडत नाही, घर कोंदट ठेवता." चवथीच्या आधी रंगारी लावायचे. ओल्या भिंतीवर रंग! तो टिकणार कसा?

खिडक्यांचं एकदाचं सांगते. भिंतीलगतची आर्द्रता 80 टक्क्यांच्या वर टिकून राहिली की बुरशीला तेवढं पुरतं, पाणी गळायलाच हवं असं नाही. जुलैत कोकणात बाहेरची हवाच त्याहून दमट असते. स्वयंपाकाची, आंघोळीची वाफ जायला खिडकी उघडा, पंखा लावा, पण त्याने झडीने भिजलेली भिंत सुकत नाही.

शेवटी ह्यांनी आणि मी एका उन्हाळ्यात पत्र्याची पडवी पुन्हा घातली, आतला गिलावा खरवडून चुन्याचा केला, वर फक्त सफेदी. भिंत आतपर्यंत सुकायला एक पावसाळा गेला. त्यानंतर ठिपके नाहीत. भावजी अजून सांगतात की त्यांनी दिलेला भारीतला रंग लागू पडला. त्या भिंतीवर तो रंग उरलेलाच नाही!

तुम्ही एवढं करा. प्लास्टिकचा तुकडा भिंतीवर चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवा. भिंतीकडच्या बाजूला पाणी जमलं तर ओल भिंतीतून येतेय, खोलीकडच्या बाजूला जमलं तर हवेतली आहे. भिंतीतली असेल तर छपराची पाखं पुढे काढा, भेगा बुजवा, जोत्याजवळ पाणी साचू देऊ नका. ही कामं मार्च ते मे. रंग सगळ्यात शेवटी, तोही चुन्याचा. कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा. बायकोला पुसायला लावणं बंद करा. कोरडं पुसलं तर बुरशी खोलीभर उडते, दमेकऱ्याला ते वाईट.

हे सगळं चिऱ्याच्या घराचं झालं. वाचणाऱ्या कुणाचा फ्लॅट असेल तर आधी वरच्या मजल्याची न्हाणी आणि पाइप तपासा. ब्लीच वापरणार असाल तर त्यात संडास धुण्याचं ॲसिड मिसळू नका, विषारी वायू होतो.