जखम भरली, तरी ठोके का चुकतात?

प्रश्न असा आहे : "वडिलांना (वय ६४) चार वर्षांपूर्वी मोठा हार्ट अटॅक आला होता. तेव्हा 'हृदयाची जखम आता भरली' असं सांगितलं होतं. गेल्या महिन्यात अचानक धडधड सुरू झाली, चक्कर आली. आता डॉक्टर म्हणतात, जुन्या व्रणामुळे व्हीटी होतेय, आयसीडी बसवू, अ‍ॅब्लेशनचाही विचार करू. भरलेल्या जखमेमुळे ठोके कसे बिघडतील? आणि अ‍ॅब्लेशन म्हणजे तिथे पुन्हा जाळणारच ना? यात नवीन संशोधन काय आहे?"

आधी सांगते, मी डॉक्टर नाही. मिरजेत नर्सिंगच्या मुलींना शरीरक्रियाशास्त्र शिकवते. हा प्रश्न वर्गात दर वर्षी कुणीतरी विचारतंच, त्यामुळे उत्तर द्यायची सवय आहे. वडिलांचं काय करायचं ते त्यांचे डॉक्टर ठरवतील. मी फक्त हे कसं घडतं तेवढं सांगते. (व्हीटी म्हणजे हृदयाच्या खालच्या कप्प्यांतले फार वेगाने पडणारे बिघडलेले ठोके, आयसीडी म्हणजे ते ओळखून मोडणारं शरीरात बसवायचं यंत्र. अ‍ॅब्लेशनचं पुढे येतंच.)

तुम्हाला तेव्हा सांगितलं ते खरं होतं आणि आता सांगताहेत तेही खरं आहे. जखम भरली, आणि ती ज्या पद्धतीने भरली त्यामुळेच आज त्रास होतोय. घोळ आहे तो 'भरली' या शब्दात.

वडिलांच्या दंडावर देवीच्या लसीचा वण असेल, त्या पिढीतल्या बहुतेकांच्या असतो. तो नीट बघा. तिथे केस नाहीत, घाम येत नाही, कातडीवरच्या बारीक रेषाही नाहीत. जी कातडी गेली ती परत आलीच नाही. तिच्या जागी शरीराने कोलॅजेनच्या चिवट धाग्यांचं ठिगळ लावलं. दंडावर अशा ठिगळाने काही अडत नाही. हृदयात अडतं, कारण तिथल्या प्रत्येक पेशीला आकुंचन पावण्याबरोबर आणखी एक काम असतं : शेजारणीकडून आलेला विजेचा निरोप पुढच्या शेजारणीला देणं. ठिगळाला ते येत नाही.

अटॅकमध्ये रक्त तुटलं की स्नायूपेशी मरतात. मोठ्या अटॅकमध्ये हा आकडा एक अब्जाच्या आसपास जाऊ शकतो. पहिले काही दिवस पांढऱ्या पेशी येऊन मढं उचलायचं काम करतात. मग फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी धागे विणायला बसतात आणि दीड-दोन महिन्यांत घट्ट व्रण तयार होतो. या व्रणाला शिव्या देऊ नका. तो वेळेवर झाला नसता तर हृदयाची भिंत फाटू शकली असती, आणि पहिल्या आठवड्यात काही रुग्णांच्या बाबतीत ते खरंच होतं.

मुली लगेच विचारतात, नव्या स्नायूपेशी का येत नाहीत? येतात, पण नगण्य. ते कसं मोजलं याची गोष्ट मला फार आवडते म्हणून सांगतेच. १९५०-६०च्या दशकांत उघड्यावर अणुचाचण्या झाल्या आणि हवेतला कार्बन-१४ वाढला. अशा चाचण्यांवर बंदी घालणाऱ्या १९६३च्या करारानंतर तो हळूहळू उतरत गेला. पेशी जन्मते तेव्हा हवेत जितका कार्बन-१४ असतो तितका तिच्या डीएनएत बसतो, म्हणजे पेशीच्या अंगावर जन्मसाल कोरलेलंच. स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का संस्थेत योनास फ्रिझेन यांच्या गटाने २००९ साली त्यावरून हिशेब मांडला : पंचविशीत वर्षाला साधारण १ टक्का स्नायूपेशी बदलतात, पंचाहत्तरीत ०.४५ टक्के. अणुचाचण्यांतून निघालेली ही बहुधा एकमेव कामाची गोष्ट. झेब्राफिश नावाच्या इवल्याशा माशाच्या हृदयाचा पाचवा हिस्सा कापला तरी तो दोन महिन्यांत पुन्हा उगवतो. आपलं नशीब तसं नाही.

आता ठोक्यांकडे वळते. गवताळ डोंगराला वणवा लागला की आग पुढे पुढे जाते, मागे फिरत नाही, कारण मागचं गवत जळून गेलेलं असतं. हृदयातली विद्युतलहर अशीच चालते. फरक इतकाच, की हृदयातलं 'गवत' साधारण पाव सेकंदात पुन्हा उगवतं. निरोगी हृदयात लहर सगळीकडे पोचेपर्यंत कुठेच ताजं गवत शिल्लक नसतं, म्हणून ती विझते. मग पुढचा ठोका नेहमीच्या जागेवरून निघतो.

व्रण म्हणजे या डोंगरातला उघडा कातळ. नुसता कातळ असता तर आग दोन्ही बाजूंनी वळसा घालून पलीकडे विझली असती. पण व्रण कधीच सलग नसतो. कातळाच्या भेगेत गवताची काडी तग धरून असते, तसे जिवंत स्नायूंचे बारीक दोरे त्यात उरलेले असतात. १९९३ साली अ‍ॅमस्टरडॅमच्या संशोधकांनी, ज्यांना अटॅक येऊन गेला होता अशा माणसांच्या काढलेल्या हृदयांतले हे दोरे तपासले. वीज त्यांच्यातूनही बऱ्यापैकी वेगाने जाते, पण वाट नागमोडी. आंबा घाटासारखं आहे ते : समोरचं वळण हाताच्या अंतरावर दिसतं आणि तिथे पोचायला दहा मिनिटं लागतात. त्यामुळे भेगेत शिरलेली आग पलीकडे बाहेर येते तेव्हा बाहेरचं गवत पुन्हा उगवलेलं असतं. ती पेट घेते, वळसा घालून परत भेगेच्या तोंडाशी येते, परत आत शिरते. हे चक्र मिनिटाला दीडशे-दोनशे वेळा फिरू लागलं की त्यालाच व्हीटी, म्हणजे व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया म्हणतात. वडिलांना चक्कर आली कारण त्या वेगात हृदयाला भरायलाच सवड मिळत नाही. चार वर्षांनीच का, असं वाटेल. पण अटॅकनंतर दहा-दहा वर्षांनीही पहिली व्हीटी येते. व्रणाच्या कडेचा भाग बदलत राहतो, हृदय ताणलं जातं, आणि कधीतरी चक्राला पुरेल इतकी वाट तयार होते.

जाळण्याबद्दल तुमचा अंदाज बरोबर आहे. उन्हाळ्याआधी वनखातं जंगलात जाळरेषा काढतं, म्हणजे मुद्दाम एक पट्टा जाळून ठेवतं, म्हणजे वणवा ओलांडू शकत नाही. अ‍ॅब्लेशन ही हृदयातली जाळरेषा. मांडीच्या शिरेतून किंवा धमनीतून तार आत नेतात, चक्राची अरुंद वाट शोधतात आणि तारेच्या टोकाने ती भेग जाळून बंद करतात. अर्ध्याकच्च्या व्रणाचा पक्का व्रण करायचा, एवढाच उद्देश. आयसीडी वेगळं आहे. ते व्हीटी होऊ नये म्हणून नसतं, झाली की ओळखून मोडायला असतं. आधी भराभर ठोके देऊन बघतं, नाहीतर शॉक देतं.

तुमच्या वडिलांशी सगळ्यात जवळचं संशोधन म्हणजे नोव्हेंबर २०२४मध्ये प्रसिद्ध झालेली व्हॅनिश-२ ही चाचणी. अटॅक येऊन गेलेले, आयसीडी बसवलेले आणि व्हीटी असलेले ४१६ रुग्ण. निम्म्यांना आधी औषधं (अमिओडॅरोन किंवा सोटॅलॉल), निम्म्यांना आधीच अ‍ॅब्लेशन. सुमारे सव्वाचार वर्षांत मृत्यू, शॉक, व्हीटीचा झंझावात (थोड्या वेळात पाठोपाठ येणारे झटके) किंवा उपचार करावी लागणारी व्हीटी यांपैकी काहीतरी घडलं ते औषधाच्या गटात ६०.६ टक्के जणांच्या बाबतीत, अ‍ॅब्लेशनच्या गटात ५०.७ टक्के. फरक खरा आहे. पण अ‍ॅब्लेशन होऊनही निम्म्या लोकांना काही ना काही झालंच, आणि नुसते मृत्यू मोजले तर दोन्ही गटांत ठळक फरक दिसला नाही. "एकदा केलं की सुटलात" असं कुणी म्हणालं तर हे आकडे आठवा.

मला स्वतःला सगळ्यात गमतीचं वाटतं ते सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं काम. तिथे २०१५ साली कुठलाही उपाय न चाललेल्या पाच रुग्णांच्या व्रणावर कॅन्सरसाठी वापरतात तशी किरणं मारली. एकदाच, २५ ग्रे (ग्रे हे किरणांची मात्रा मोजायचं एकक). तार नाही, छेद नाही. आधीच्या तीन महिन्यांत पाचांचे मिळून व्हीटीचे ६,५७७ झटके नोंदले होते. उपचारानंतरचे सहा आठवडे सोडले, तर पुढे सगळ्यांचे मिळून ४६ महिन्यांत फक्त ४. (एक वयस्कर रुग्ण तीन आठवड्यांतच पक्षाघाताने गेले, हेही त्याच अहवालात आहे. पाच म्हणजे पाचच माणसं.) सगळ्यांनी गृहीत धरलं, की किरणांनी जागा भाजून पक्का व्रण केला असणार. पण हिशेब जुळेना. किरणांनी व्रण व्हायला महिने लागतात आणि इथे फरक आठवड्यांत दिसत होता. २०२१मध्ये त्याच विद्यापीठातल्या स्टेसी रेंट्श्लर यांच्या गटाने उंदरांच्या हृदयात पाहिलं, तर तेवढ्या मात्रेने व्रण झालाच नव्हता. उलट पेशींमधली वीज वाहून नेणारी प्रथिनं वाढली होती आणि लहर पूर्वीपेक्षा वेगाने जात होती. गर्भात हृदय घडताना जागी असणारी आणि नंतर झोपी जाणारी यंत्रणा किरणांनी पुन्हा उठवली होती. घाटातली वाट बुजवण्याऐवजी सरळ केली, असं म्हणा. लहर झटपट पलीकडे पोचते, तेव्हा पुढचं गवत उगवलेलंच नसतं, आणि चक्र आपोआप विझतं. गेली कित्येक वर्षं सगळा भर 'जाळा आणि गप्प करा' यावर होता. हे त्याच्या नेमकं उलट.

त्या वाढलेल्या प्रथिनांपैकी एकाचं नाव कोनेक्झिन-४३. ३८२ अमिनो आम्लांची ही साखळी दोन पेशींच्या भिंतीतली खिडकी बनवते, तिच्यातून वीज आणि छोटे रेणू इकडून तिकडे जातात. हृदयात या खिडक्या पेशींच्या टोकांना असतात. अटॅकनंतर व्रणाच्या कडेला त्या कमी होतात, टोकं सोडून बाजूच्या भिंतींवर सरकतात, आणि निरोपाची वाट बिघडते. उंदरांच्या हृदयातून हे प्रथिन काढून टाकलं, तर ते दोन महिन्यांच्या आत अचानक ठोके बिघडून मेले.

हेच प्रथिन कातडीतही असतं, आणि इथे माझ्या घरची गोष्ट येते. आईला मधुमेह. पायाच्या अंगठ्याजवळ चप्पल लागून झालेली जखम सात महिने भरली नव्हती. रोज ड्रेसिंग मीच करायचे आणि रोज कडा तशीच, पांढरट, जाड, जागची न हलणारी. पुढे वाचनात आलं, की साध्या जखमेच्या कडेच्या पेशी पहिल्या एक-दोन दिवसांत कोनेक्झिन-४३ कमी करतात, जणू शेजाऱ्यांचे हात सोडतात, आणि मगच पुढे सरकून जखम झाकतात. मधुमेही उंदरांत डेव्हिड बेकर यांच्या गटाला २००७ साली उलट दिसलं : कडेला ते कमी होण्याऐवजी वाढतं. ते दाबलं, की जखम नेहमीच्या वेगाने भरते. आईची ती कडा डोळ्यांसमोर आली.

म्हणजे कातडीत हात सोडायला हवेत आणि हृदयात धरायला. अमेरिकेतल्या रॉब गोर्डी यांच्या प्रयोगशाळेचा मूळ विषय हृदय. त्यांनी कोनेक्झिन-४३च्या शेपटाची शेवटची नऊ अमिनो आम्लं घेऊन एक छोटा तुकडा बनवला. त्याचं जेल शिरांच्या दोषामुळे पायाला होणाऱ्या जुनाट जखमांवर ९२ रुग्णांत वापरून पाहिलं. १२ आठवड्यांत जखमेचं क्षेत्र सरासरी ७९ टक्क्यांनी घटलं, नुसती दाबपट्टी बांधलेल्यांचं ३६ टक्क्यांनी. हा अहवाल २०१५चा. त्याआधी २०११मध्ये हाच तुकडा पट्टीतून उंदरांच्या जखमी हृदयावर लावला, तेव्हा नंतर मुद्दाम उठवून पाहिलेले बिघडलेले ठोके कमी निघाले. एकच तुकडा दोन्हीकडे उपयोगी पडला. मात्र उंदराचं हृदय आणि तुमच्या वडिलांचं हृदय यांत फार मोठं अंतर आहे. मेडिकलमध्ये जाऊन मागायची ही गोष्ट नव्हे.

सफाई करणाऱ्या पेशींबद्दलही थोडं सांगते, कारण त्याची बातमी तुमच्या वाचनात आली असेल. मॅक्रोफेज नुसत्या झाडूवाल्या नाहीत. बोस्टनच्या माथियास नारेंडॉर्फ यांच्या गटाने २०१७ साली दाखवलं, की हृदयाच्या मधल्या गाठीत (एव्ही नोड, जिथून निरोप वरच्या कप्प्यांतून खालच्या कप्प्यांत जातो) त्या स्नायूपेशींना कोनेक्झिन-४३नेच जोडलेल्या असतात आणि निरोप पुढे जायला मदत करतात. २०२३मध्ये त्याच गटाला एट्रिअल फिब्रिलेशन झालेल्या माणसांच्या हृदयात बाहेरून आलेल्या मॅक्रोफेजची गर्दी सापडली. त्या फायब्रोब्लास्टना चिथावून नको तिथे धागे विणायला लावतात. पण तो वरच्या कप्प्यांचा आजार. वडिलांचा त्रास खालच्या कप्प्यातला आहे. नावं सारखी वाटतात, औषधं आणि धोके वेगळे असतात. सध्या ज्याच्या जाहिराती दिसतात ते 'पल्स्ड फील्ड' अ‍ॅब्लेशन, म्हणजे उष्णतेऐवजी विजेच्या क्षणिक झटक्यांनी पेशींना भोकं पाडणं, तेही मुख्यतः वरच्या कप्प्यांसाठीच आहे. व्हीटीसाठी त्याचे प्रयोग अजून सुरुवातीच्या पायरीवर आहेत.

डॉक्टरांकडे जाताना अटॅकच्या वेळचं डिस्चार्ज कार्ड, त्यानंतरचे सगळे इको आणि धडधड चालू असतानाचा ईसीजी असेल तर तो, एवढं न्या. तो एक ईसीजी बाकीच्या फाइलपेक्षा मोलाचा, कारण चक्र हृदयाच्या कोणत्या भिंतीत फिरतंय याचा अंदाज त्यावरून येतो. हृदयाचा एमआरआय करायचा असेल तर आयसीडी बसवण्याआधी होतोय का ते विचारा. नंतरही होतो, पण यंत्राच्या धातूमुळे चित्र खराब येऊ शकतं. आणि मधल्या काळात पुन्हा धडधडीबरोबर चक्कर, छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं झालं, तर ओपीडीच्या तारखेची वाट न बघता थेट इमर्जन्सीत जा.

एमआरआय झालाच तर चित्र स्वतः बघायला मागा. गॅडोलिनियम (चित्र उठून दिसावं म्हणून शिरेतून देतात ते द्रव्य) दिल्यावर निरोगी स्नायू काळा दिसतो आणि व्रण पांढरा. त्या पांढऱ्याच्या कडेला राखाडी भाग असतो, ना धड व्रण ना धड स्नायू. अ‍ॅब्लेशन करणारे डॉक्टर बराच वेळ तिथेच शोधत असतात.