वाचक विचारतात : भारताच्या फुटबॉल संघाची चाचणी असते तरी कुठे?

प्रश्न : मुलगा पंधरा वर्षांचा आहे, डाव्या विंगला खेळतो. व्हॉट्सॲपवर जाहिरात आली आहे : ‘17 वर्षांखालील भारतीय संघासाठी खुली निवड चाचणी. नोंदणी 8,500 रुपये. जर्सी व प्रमाणपत्र मिळेल.’ पाठवावे का?
— एक पालक, सेलू (जि. परभणी)

उत्तर : पाठवू नका. पैसे भरून भारताच्या संघात जाता येत नाही, आणि त्या प्रमाणपत्राला पुढे कुठे किंमत नाही. संघटनेची चाचणी खरी असेल तर तिची सूचना अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या किंवा राज्य संघटनेच्या संकेतस्थळावर असते. राज्य संघटना म्हणजे वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन, बोलीत ‘विफा’. सूचना तिथे नसेल तर विषय संपला.

मग निवड होते कशी? राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आणि स्काउट (खेळाडू हेरणारे) मुलांना सामन्यांत बघतात. राज्य संघांच्या राष्ट्रीय स्पर्धा (ज्युनियर मुलांसाठी डॉ. बी. सी. रॉय करंडक, सब-ज्युनियरसाठी मीर इक्बाल हुसेन करंडक), महासंघाच्या युवा लीग आणि आयएसएल (इंडियन सुपर लीग) क्लबांच्या अकादम्या, ही त्यांची बघायची ठिकाणे. तिथून लांब यादी निघते, शिबिर लागते, टप्प्याटप्प्याने नावे गळतात. 2017 च्या 17 वर्षांखालील विश्वचषकासाठी, तोही आपल्याच देशात, शेवटी 21 जण उरले. त्यांत कोल्हापूरचा अनिकेत जाधव होता, पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीत घडलेला.

मराठवाड्यातल्या मुलाला त्या यादीपर्यंत दोन वाटा आहेत. लोक बहुधा एकच धरून बसतात : शालेय. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य. आपल्याकडे शालेय स्पर्धांसाठी छत्रपती संभाजीनगर आणि लातूर असे दोन विभाग. या वाटेवर विभागापर्यंत शाळेचा संघ जिंकतच जावा लागतो, आणि राज्य स्पर्धेत सगळ्या संघांतून निवड होऊन महाराष्ट्राचा संघ बनतो. म्हणजे तुमचा विंगर कितीही चांगला असो, शाळेचा गोलकीपर तालुक्याला ढिला पडला की त्याचे वर्ष एका दुपारीच संपते. सुब्रतो करंडक या शाळांच्या स्पर्धेत तर पुढेही निवड नाही. जिंकणारी शाळाच राष्ट्रीय फेरीला जाते.

दुसरी वाट संघटनेची. क्लबमार्फत महासंघाच्या ऑनलाइन प्रणालीत (सीआरएस) नोंदणी, मग जिल्हा संघाची चाचणी, आंतरजिल्हा स्पर्धा, राज्याचे शिबिर. इथे हरलेल्या संघातलाही मुलगा उचलला जातो. पण ही नोंदणी पालकांना घरबसल्या करता येत नाही, क्लब किंवा अकादमीच करते. म्हणून जिल्हा फुटबॉल संघटनेकडे जाऊन तीन गोष्टी विचारा : संलग्न क्लब कोणते, नोंदणीची मुदत कधी सुरू होते, जिल्हा संघाची चाचणी कोणत्या महिन्यात होते. दोन्ही वाटा एकाच वेळी चालू ठेवायला काही हरकत नाही. ठेवाच.

आमच्या मते खरी अडचण वेगळी आहे. आपल्याकडच्या मुलाच्या पायात खेळ असतो, पण वर्षाचे सामने बोटांवर मोजण्याइतके. पंधराव्या वर्षी निदान 25-30 चुरशीचे सामने हवेत. नुसता सराव करणाऱ्या मुलाला दमलेल्या पायांनी 70 व्या मिनिटाला निर्णय घ्यायची सवयच लागत नाही, आणि स्काउट नेमके तेच बघतो. त्या 8,500 रुपयांत पुण्या-मुंबईच्या दोन स्पर्धा होतील. नंदिग्राम एक्स्प्रेसचे तिकीट धरूनसुद्धा.

व्हिडिओ पाठवायचा झाला तर गोलांची गाणे लावलेली चित्रफीत नको. शाळेच्या गच्चीवरून, मधल्या रेषेच्या समोरून, मोबाईल आडवा धरून अख्खा सामना घ्या. चेंडू नसताना मुलगा कुठे उभा राहतो हे दिसले पाहिजे. जर्सीचा क्रमांक आणि रंग सोबत लिहून द्या.

प्रश्न : आमच्या दोन मुलांच्या कागदांत घोळ आहे. एकाच्या शाळेच्या दाखल्यावर 1 जून आणि जन्म प्रमाणपत्रावर नोव्हेंबर. दुसऱ्याच्या आधारवर वडिलांचे नाव वेगळे. वयाची ‘हाडांची तपासणी’ म्हणजे नेमके काय?
— क्रीडा शिक्षक, अंबड (जि. जालना)

उत्तर : गुरुजींनी लावलेली 1 जून ही मराठवाड्याची जुनी ओळख! आता मात्र ती मुलाला नडते. वयोगटाची रेषा 1 जानेवारीला असते. 2017 च्या विश्वचषकात 1 जानेवारी 2000 किंवा त्यानंतर जन्मलेलेच चालत होते. 1 जून आणि नोव्हेंबर एकाच वर्षातले असतील तर गट बदलत नाही, पण दोन कागदांवर दोन तारखा दिसल्या की अर्ज तिथेच अडकतो. वर्षच वेगळे असेल तर वयचोरीचा संशय येतो.

मूळ कागद जन्म प्रमाणपत्र धरा आणि बाकीचे त्याच्याशी जुळवा. जन्माची नोंद 21 दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटून गेले असेल तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश लागतो, आणि अशा उशिराच्या नोंदीकडे छाननीत बारकाईने बघतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधली दुरुस्ती मुख्याध्यापकांमार्फत शिक्षणाधिकाऱ्यांकडे जाते, तिला वेळ लागतो. म्हणून स्पर्धेच्या तोंडावर नको, मुलगा सातवीत असतानाच करून घ्या. आधारची दुरुस्ती त्यानंतर. पासपोर्ट सगळ्यात शेवटी, कारण त्यावर नाव, तारीख आणि आई-वडिलांची नावे एकदा छापली की पुढचे सगळे त्यावरच चालते. भारताकडून खेळायला भारतीय पासपोर्ट लागतोच, आणि शिबिराचे बोलावणे आल्यावर अर्ज करणाऱ्याची धांदल उडते.

आता हाडे. आपल्याकडे टीडब्ल्यू-3 पद्धत वापरतात. डाव्या हाताचा, मनगटासकट, एक्स-रे काढतात. त्यात हाडांच्या टोकांवरची वाढीची पट्टी किती मिटली याला गुण देतात आणि त्यावरून हाडांचे वय काढतात. फिफा 2009 पासून मुलांच्या 17 वर्षांखालील विश्वचषकात मनगटाचा एमआरआय करते. पट्टी पूर्ण मिटलेली दिसली तर खेळाडू 17 च्या वरचा धरतात. मुलींची पट्टी लवकर मिटते, म्हणून त्यांना हा निकष लावत नाहीत.

हाडांचे वय आणि जन्मतारखेचे वय यांत खऱ्या मुलातही वर्षभराचा फरक पडू शकतो. लवकर वाढलेला प्रामाणिक मुलगाही कधी अडकतो. त्याच्यासाठी रुग्णालयातली जन्मनोंद, लसीकरणाचे कार्ड, अंगणवाडीची नोंद असे जुने कागद जपून ठेवायला पालकांना सांगा. आणि कोणी ‘वय कमी करून देतो’ म्हणाला तर त्याला मैदानात उभे करू नका. खोटे उघडे पडते तेव्हा बंदी मुलावर येते, एजंट मोकळा राहतो.

प्रश्न : मुलगा 13 वर्षांचा, डिसेंबरचा जन्म. चेंडूवर हुकूमत आहे, पण ‘बारका आहे’ म्हणून जिल्ह्याच्या चाचणीत दोनदा वगळला. उंची वाढवायला काही द्यावे का?
— एक आई, नांदेड

उत्तर : काही देऊ नका. तो ज्यांच्याशी झुंजतो त्यांतले काही जानेवारीचे आहेत, म्हणजे जवळजवळ एक वर्षाने मोठे. जगभरच्या कुमार संघांत वर्षाच्या पहिल्या तीन महिन्यांत जन्मलेल्यांचा भरणा जास्त दिसतो. त्याचे कारण हेच. त्यातून मुलांची उंची झपाट्याने वाढते ती सरासरी चौदाव्या वर्षाच्या आसपास. कुणाची बाराव्या वर्षी, कुणाची सोळाव्या.

दर तीन महिन्यांनी सकाळी, अनवाणी, त्याच भिंतीला टेकवून उंची मोजा आणि तारीख टाका. वर्षाला 5-6 सेंटिमीटरचा वेग 9-10 वर गेला की वाढीचा झटका सुरू झाला. त्या काळात गुडघ्याखालच्या उंचवट्यावर किंवा टाचेत दुखते, धावताना पाय अडखळतात. खेळ बिघडला असे वाटते, पण तो बिघडलेला नसतो. उड्या आणि लांब पळणे कमी करा, चेंडूचे काम चालू ठेवा. टाचदुखी असताना मुरुमावर रोज पळवले तर सहा आठवड्यांचे दुखणे सहा महिने चालते.

तोपर्यंत बारक्या मुलाने दोन गोष्टी पक्क्या कराव्यात. चेंडू पायाशी येण्याआधी दोन्ही खांद्यांवरून मागे बघणे, आणि दुसऱ्या पायाने पहिला स्पर्श. धक्का बसण्याआधी चेंडू गेलेला असेल तर वजनाला कोण विचारतो?

प्रश्न : मुलींसाठी वाट सोपी आहे की अवघड?
— नववीतली खेळाडू, उदगीर (जि. लातूर)

उत्तर : विभागापर्यंत सोपी, कारण संघ कमी. त्यापुढे अवघड, कारण संघ कमी होते म्हणून सामनेही झालेले नसतात. आठवड्यातून दोनदा मुलांसोबत सराव सामना खेळ.

सरावाआधी ‘फिफा 11+’ हे 20 मिनिटांचे वॉर्म-अप आठवड्यातून दोन-तीनदा कर : 8 मिनिटे धावणे, 10 मिनिटे ताकद, उड्या आणि तोल, शेवटी 2 मिनिटे वेगाने धावणे. गुडघ्याचा लिगामेंट तुटण्याचा धोका मुलींना जास्त असतो. उडी मारून उतरताना गुडघे आत वळतात का, हे मैत्रिणीला समोरून बघायला सांग. दमायला लवकर होत असेल तर हिमोग्लोबिन तपासून घे. 12 च्या खाली असेल तर आधी डॉक्टर, मग स्टॅमिना.

प्रश्न : आमचे मैदान अर्धे मुरुमाचे, अर्धे काळ्या मातीचे. बूट कोणते घ्यावेत?
— एक वाचक, कळंब (जि. धाराशिव)

उत्तर : मुरुमासाठी तळाला बारीक रबरी दाणे असलेले टर्फ बूट. लांब स्टड मुरुमात रुतत नाहीत, टाचेवर सगळा भार येतो. राज्य पातळीवर गवत मिळते, त्यासाठी मोल्डेड स्टडचा दुसरा जोड लागतो. तो चाचणीच्या दिवशी पहिल्यांदा घालू नका, आधी दोन आठवडे सरावात वापरा. धातूचे स्टड विसरा. काळी माती ओली झाली की स्टडमध्ये चिखलाचे गोळे बसतात. मध्यंतराला काडीने काढायचे. आणि ‘पुढच्या वर्षीही येतील’ म्हणून दोन नंबर मोठे घेऊ नका. पुढे अर्ध्या अंगठ्याएवढी जागा पुरे, नाहीतर फोड येतात आणि चेंडू मारताना पाय आतल्या आत सरकतो.