मैदानावर वीज: फॉर्मवरच्या सहीआधी शाळेची किल्ली मिळवा

भाऊ, तुमची पोस्ट वाचली. नाशिकजवळ मखमलाबादच्या बाजूला मे महिन्यात तीन दिवसांची टेनिस बॉल स्पर्धा, ३२ संघ, फायनल रात्री लाइटमध्ये. आणि विचारलंय एवढंच, की एंट्री फॉर्मवर ‘खेळाडू स्वतःच्या जबाबदारीवर खेळत आहे’ अशी सही घेतली तर वीज पडल्यावर आयोजक मोकळे का? आमच्या स्पर्धेत याच एका वाक्यावर आम्हीही निर्धास्त होतो, म्हणून जरा लांब लिहितो.

सहीचं आधी संपवतो. मी वकील नाही, फॉर्म वकिलाला दाखवाच. पण माझं मत पक्कं आहे. वीज पडणं कुणाच्या हातात नसतं. गडगडाट ऐकू येत असताना सामना चालू ठेवणं मात्र हातात असतं, आणि हलगर्जीपणाचा प्रश्न निघाला की तिथेच बोट ठेवलं जातं. अठरा वर्षांखालच्या पोराच्या सहीला तर करार म्हणून काहीच किंमत नाही. जबाबदारी खेळाडूची म्हणायची असेल तर ती त्याला पार पाडता आली पाहिजे. आज गल्लीतल्या कुठल्या पोराची हिंमत आहे, शेवटच्या दोन ओव्हर राहिल्यात आणि ‘मी बाहेर जातो’ म्हणायची? कॅप्टन ओरडणार, समोरचा संघ वॉकओव्हर मागणार. म्हणून नियमपत्रकात हे वाक्य जसंच्या तसं घाला: ‘वीज दिसल्यावर किंवा गडगडाट ऐकल्यावर खेळाडू अथवा संघ मैदानाबाहेर गेल्यास त्याला बाद धरले जाणार नाही, वॉकओव्हर दिला जाणार नाही, एंट्री फी जप्त होणार नाही.’ हे छापलं नाही तर स्वतःच्या जबाबदारीची भाषा नुसती कागदावरची आहे.

क्रिकेटच्या कायद्यातल्या कलम २.८ मध्ये धोकादायक परिस्थितीत खेळ थांबवायचा अधिकार पंचांना दिलेला आहे. पण आपल्याकडे पंचांचं मानधन आयोजकच देतात, त्यामुळे पंच आभाळाकडे बघण्याआधी स्टेजकडे बघतात. त्यांना दोष देत नाही, पण त्यांच्या एकट्यावर सोडू नका. एक तिसरा माणूस नेमा. तो स्कोअरर नको, कॉमेंट्रीवाला नको, कुठल्या संघाचा तर नकोच. त्याने ‘थांबा’ म्हटलं की बॉलर रनअपमध्ये असला तरी खेळ थांबला. प्रायोजकालाही हे स्पर्धेआधी सांगून ठेवा.

आता आम्हाला सगळ्यात महाग पडलेली चूक. आमच्या नियोजनात ‘सामना थांबवा’ होतं, ‘कुठे जा’ नव्हतं. मैदानाला लागून शाळेची पक्की इमारत होती, पण होकार तोंडी. परवानगीच्या कार्यालयाने लाउडस्पीकर, जनरेटर, मंडप, पार्किंग, सगळ्याचे कागद मागितले. शाळा उघडी ठेवायचं पत्र मागितलं तेव्हा उत्तर आलं, ‘असलं काही आमच्याकडे नसतं, तुमचं तुम्ही बघा.’ तीन चकरा, तिन्ही वेळा हेच. याची चीड आजही जात नाही, कारण त्या एका पत्राला पाच मिनिटं लागली असती. ढग आले तो रविवार होता. गेटला कुलूप, किल्लीवाला बाहेरगावी, आणि माइकवरून घोषणा झाली, ‘सगळ्यांनी मंडपात या.’ वीज मंडपावर पडलीच नाही, शेजारच्या कडुलिंबावर पडली. तरी मंडपाच्या पाइपला टेकलेली पोरं खाली बसली आणि एकाच्या कानाचा पडदा फाटला.

कारण समजून घ्या. झाडावर पडलेली वीज मुळाशी संपत नाही, जमिनीतून चहूकडे पसरते. झाडाजवळ विजेचा दाब (व्होल्टेज) जास्त, लांब जाल तसा कमी. तुमचा एक पाय जवळ, दुसरा थोडा लांब, की त्या दोन ठिकाणांच्या दाबात जेवढा फरक तेवढा प्रवाह एका पायातून चढून दुसऱ्यातून उतरतो. विजेच्या मृत्यूंपैकी साधारण निम्मे या जमिनीतल्या प्रवाहाने होतात असं मानतात. आणखी तिसरा हिस्सा झाडावरून, खांबावरून बाजूच्या माणसावर उडी मारणाऱ्या विजेचा. थेट डोक्यावर पडून जाणारे शंभरात तीन ते पाच. मंडपात पहिले दोन्ही धोके एकत्र येतात: लोखंडी पाइप ओल्या मातीत रोवलेले, पाइपला गुंडाळलेली वायर, आणि खांद्याला खांदा लावून दोनशे माणसं. १९९१ च्या यूएस ओपन गोल्फमध्ये अमेरिकेतल्या हॅझेल्टाइन मैदानावर प्रेक्षक असेच झाडाखाली थांबले होते. एका तडाख्यात सहा जण सापडले, एक दगावला.

तेव्हा किल्लीचं काम असं करा. मुख्याध्यापकांचं किंवा संस्थेचं लेखी पत्र घ्या, तारीख-वेळेसह. किल्ल्या दोन: एक वॉचमनकडे, एक त्या तिसऱ्या माणसाच्या गळ्यात. आदल्या संध्याकाळी स्वतः जाऊन कुलूप उघडून बघा. उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद राहिलेली कुलपं गंजतात, तेलाची बाटली खिशात ठेवा. वर्गातले बाक भिंतीला लावून घ्या. मग लांबच्या बाउंड्रीपासून वर्गाच्या दारापर्यंत घड्याळ लावून चाला. २०० मीटरला तीनेक मिनिटं. दारातून सेकंदाला एक माणूस धरला तर ३०० जणांना पाच मिनिटं. आठ मिनिटं इथेच झाली, त्यात कुणीतरी किट बॅग उचलायला मागे फिरणारच. दोन दारं उघडी ठेवा.

भिंती, स्लॅब, वायरिंग आणि नळ असलेली बंद इमारत म्हणजे पक्का आसरा. पत्र्याची शेड, उघडा व्हरांडा, चहाची टपरी, चेंजिंगचा तंबू यातलं काही चालत नाही. पत्र्याच्या टपाची, काचा बंद केलेली चारचाकी चालते. रिक्षा, बाइक, ट्रॅक्टर नाही. आत गेल्यावर नळाला आणि चार्जिंगला लावलेल्या फोनला हात लावू नका. नुसता मोबाइल हातात असण्याने वीज ओढली जात नाही, त्या भीतीने फोन बंद करून ठेवू नका, तोच लागणार आहे.

३०-३० चा नियम माहीत असेलच: चमक आणि आवाज यांत ३० सेकंद किंवा कमी, म्हणजे वीज दहा किलोमीटरच्या आत, खेळ बंद, शेवटच्या गडगडाटानंतर ३० मिनिटं थांबायचं. लोक दोन ठिकाणी चुकतात. एक, ही तीस मिनिटं सामना थांबल्यापासून किंवा पाऊस उघडल्यापासून मोजतात. पाऊस थांबला म्हणजे वीज संपली असं नाही. ती पावसापासून दहा-पंधरा किलोमीटर लांब कोरड्या जमिनीवरही पडते. २५ व्या मिनिटाला पुन्हा गडगडलं की मोजणी शून्यापासून. दुसरं, डीजे आणि जनरेटरच्या आवाजात गडगडाट ऐकूच येत नाही. आभाळावर पहारा ठेवणारा माणूस साइटस्क्रीनच्या मागे, स्पीकरपासून लांब उभा करा. ढग सिन्नरकडून येणार की त्र्यंबककडून, यावर अंदाज बांधू नका. पहाऱ्याच्या माणसाकडे जुना ट्रान्झिस्टर मिडियम वेव्हवर लावून द्या, लांबची वीजही त्यात करकर करते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं ‘दामिनी’ ॲप दोन-तीन फोनवर घ्या. ते तुमच्या भोवतीच्या २० आणि ४० किलोमीटरच्या घेऱ्यात कुठे वीज पडतेय ते दाखवतं. तुम्हाला माणसं हलवायलाच दहा मिनिटं लागणार असतील तर दहा किलोमीटरची वाट बघू नका, २० च्या घेऱ्यात वीज दिसली की हलवा. ताशी ४० किलोमीटरने येणारा ढग दहा किलोमीटर पंधरा मिनिटांत गाठतो. इशाऱ्यासाठी गोल्फची पद्धत उचला: भोंगा एकदा लांब, लगेच बंद, दोनदा आखूड, पुन्हा सुरू. माइकवर विसंबू नका, कारण जनरेटर बंद करायचाच आहे.

वेळापत्रकाबद्दल माझा हट्टच आहे: मे महिन्यात सामने सकाळी ७ ते १, फायनलही सकाळीच. वळवाचे ढग बहुतेक दुपारनंतर भरतात. लाइटमधली फायनल दिसायला छान, पण खेळाडू उंच लोखंडी टॉवरखाली, ढगांच्या ऐन वेळेला. राखीव सकाळ आणि कमी ओव्हरचा हिशेब आधीच छापा, म्हणजे घाई करायचा दबाव राहत नाही.

कुणी ‘लायटनिंग अरेस्टर बसवा, शंभर मीटरचं मैदान सुरक्षित’ म्हणत आला तर पैसे देऊ नका. आयएस/आयईसी ६२३०५ या वीजसंरक्षणाच्या मानकाप्रमाणे बसवलेली यंत्रणा इमारतीला वाचवते. उघड्यावरच्या माणसाला नाही. तेच पैसे ॲम्ब्युलन्सला द्या.

वीज लागलेल्या माणसात करंट राहत नाही, लगेच हात लावा. अनेक जण पडले असतील तर जो निपचित आहे, श्वास घेत नाही, त्याच्याकडे आधी जा. ओरडणारा जिवंत आहे. १०८ ला फोन, आणि छातीच्या मध्यावर मिनिटाला १०० ते १२० दाब, ५ सेंटिमीटर खोल, मदत येईपर्यंत न थांबता. किमान चार कार्यकर्त्यांना हे आधी शिकवा. देव न करो, पण कुणी गेलंच तर तलाठ्याचा पंचनामा आणि शवविच्छेदन झाल्याशिवाय अंत्यविधी उरकू नका, शासनाची मदत त्या कागदांवर अडते.

तुमच्या मैदानाजवळची पक्की इमारत कोणती, किती मीटरवर आणि किल्ली कुणाकडे, एवढं मोजून-विचारून लिहा. मग दिवसाला किती संघ बोलवायचे ते ठरवू.