चिंपांझी बोलत नाही तो घशामुळे की मेंदूमुळे?

मेंदूमुळे. तुम्ही विचारलंय की घसा तसा नाही म्हणून चिंपांझी मागे राहिला का, आणि बोलायला लागला म्हणून माणूस हुशार झाला का. या घशाच्या गोष्टीचा मला मनापासून राग आहे, कारण तीच माझ्या धाकट्या भावाला ऐकवली गेली.

त्याला जन्मापासून ऐकू येत नाही. शाळेत खुणा केल्या की हाताची घडी घालून बसवायचे, का तर तोंडाने बोलायला शिकेल. 1880 साली मिलानच्या परिषदेने मूकबधिरांच्या शिक्षणातून खुणा हद्दपार करायचा ठराव केला, त्याची ही शेपटी. घरी थोरले काका त्याच्यासमोरच म्हणायचे, "वाचा नाही तिथे विचार कुठला? माकडाचं तेच झालं." आणि हा तेव्हा मित्राला खुणांनी सांगत असायचा की उद्या पाऊस नसला तर खेळू, पण मागच्या वेळी रडीचा डाव खेळला त्याला घ्यायचं नाही. जर-तर, काल, उद्या, समोर नसलेला माणूस, सगळं त्या हातांत होतं. काकांना फक्त हातवारे दिसले.

चिंपांझींनाही खुणा शिकवून झाल्यात. 1966 पासून वाशूला, पुढे निमला. तिथे घशाचा प्रश्नच नव्हता. निमला शंभरावर खुणा आल्या, पण लांबण लागली की तीच मागणी फिरून फिरून: दे, संत्रं, मला, दे, खा. प्रयोग चालवणाऱ्या हर्बर्ट टेरेस यांनीच 1979 मध्ये लिहिलं की ही वाक्यं नव्हेत. उलट निकाराग्वात 1970 च्या दशकाच्या अखेरीपासून बहिरी मुलं शाळेत एकत्र आली आणि कुणी न शिकवता त्यांनी आपसांत नवी खूणभाषा उभी केली, व्याकरणासकट.

घशाचं म्हणाल तर 2016 मध्ये टेकम्सी फिच आणि सहकाऱ्यांनी मकाक माकडांचा क्ष-किरणांखाली अभ्यास करून दाखवलं की त्यांच्या घशातून समजण्यासारखं बोलणं निघू शकेल. ते चालवणारा मेंदू नाही.

बुद्धी आधी की भाषा? केनियात लोमेक्वीला 33 लाख वर्षांपूर्वीची दगडी हत्यारं सापडली आहेत. भाषेचे मात्र जीवाश्म होत नाहीत. माझ्या मते डोकं आधी चालू लागलं, मग दोन्ही एकमेकांना वाढवत गेले.

चिंपांझी मठ्ठ आहे असं यातून काढू नका. जपानातल्या क्योटोचा आयुमू हा चिंपांझी पडद्यावर क्षणभर दिसलेल्या आकड्यांच्या जागा लक्षात ठेवण्यात विद्यार्थ्यांना मागे टाकत असे. माणसात खुणा आधी आल्या आणि बोली नंतर, असाही माझा दावा नाही. त्यावर अभ्यासकांत वाद आहे.

पण घरात न ऐकणारं मूल असेल तर वडीलधाऱ्यांचं ऐकत बसू नका. श्रवणयंत्र लावा, वाचा-उपचार जरूर करा, फक्त त्यापायी खुणा बंद पाडू नका. पहिली वर्षं भाषेविना गेली तर पुढे ती भरून काढणं फार जड जातं.