तीन-तीनची घुसखोरी: गोटी मारू नका, बाजू निवडा

तुमची गो खेळातली अडचण अशी: तुम्ही चार-चारवर (कोपऱ्यात दोन्ही कडांपासून चौथ्या रेषेवर) गोटी ठेवता, चार-पाच चालींतच प्रतिस्पर्धी थेट तीन-तीनवर (दोन्ही कडांपासून तिसऱ्या रेषेवर) घुसतो आणि दर वेळी कोपरा जातो. तो राग मला चांगलाच ठाऊक आहे.

आधी मनातून एक गोष्ट काढा: ती गोटी मारायची नाही. आजूबाजूला तुमची मदत नसताना ती जगतेच. मारायला जाल तर कोपराही जाईल आणि बाहेरच्या गोट्याही विस्कटतील.

खरा निर्णय तुमच्या पहिल्याच चालीत असतो: अडवायचं कुठून? ज्या बाजूला पट मोकळा आहे किंवा तुमची गोटी आधीच बसली आहे, ती बाजू बंद करा. समजा, डाव्या खालच्या कोपऱ्यात तुम्ही काळ्या गोट्यांनी खालची बाजू बंद केली. पांढरा, म्हणजे प्रतिस्पर्धी, डाव्या कडेने वर सरकेल. तुम्ही चार-पाचवर सरळ लांबवा. तो कडेने आणखी एक पाऊल रांगेल, तुम्ही परत लांबवा. त्याला दहा-बारा गुण मिळाले, तुम्हाला भिंत मिळाली. उलट, डाव्या कडेला त्याला जागा मिळाली तरी चालणार असेल, तर लांबवण्याऐवजी त्याच्या डोक्यावर हाने (त्याच्या गोटीच्या पुढून वळून वाट अडवणारी चाल) करा, त्याने हाने केली की पुन्हा हाने. त्यात कोपरा बहुधा तुमच्याकडे परत येतो आणि त्याला कड मिळते.

पूर्वी ही घुसखोरी इतक्या लवकर वाईट मानत, कारण पांढरा दुसऱ्या रेषेवर हाने करून जोडून घ्यायचा आणि तुमची भिंत आपोआप पक्की व्हायची. २०१६ च्या शेवटी आणि २०१७ च्या सुरुवातीला अल्फागो या संगणक प्रोग्रॅमने 'मास्टर' नावाने ऑनलाइन ६० डाव खेळून साठही जिंकले. तेव्हा त्याने ही घुसखोरी करून ती हाने-जोडणीची अदलाबदल टाळली आणि लगेच दुसरीकडे खेळला. मे २०१७ मध्ये चीनमधल्या वुझेनला अल्फागोविरुद्धच्या पहिल्या डावात चिनी खेळाडू के जिएनेही लवकरच तीन-तीन घेतलं. म्हणून आज तुमच्या वाट्याला येणारी भिंत वाटते तितकी भक्कम नसते.

इथेच मी वर्षानुवर्षं चुकलो. भिंत मिळाली की तिच्याच पुढ्यात कुंपण घालून गुण मोजायचो. सात-आठ गोट्या खर्चून जेमतेम पंधरा गुण! भिंतीजवळ घर बांधू नका. तिच्यापासून लांब खेळा, शत्रूची कमजोर गोटी तिच्याकडे हाकला. तो पळत असताना पटावर दुसरीकडे तुमची जागा तयार होते.

पुढचा डाव खेळलात की पहिल्या तीस चाली इथे टाका. कुठून अडवलंत ते पाहून सांगतो.